एका अनेकवचनासाठी

मावशी,

गेल्या रविवारी मंडळाने तुझ्यासाठी शोकसभा ठेवली होती. लीड्समधला तोच कम्युनिटी हॉल, जिथे आपण गणपती बसवतो. हीटिंग नीट चालत नव्हतं, त्यामुळे सगळे कोट घालूनच बसले होते. एकेक जण उठून तुझ्या उकडीच्या मोदकांबद्दल बोलला. काकांच्या बरोबरीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या बायकोच्या बाळंतपणात तू तीन आठवडे रोज डबा पोचवला होतास, बर्फातून, दोन बस बदलून.  मग कुणीतरी मला म्हणालं, मंजिरी, तू बोल, तू तर घरचीच. मी उठले आणि मोदकांबद्दलच बोलले.

दुसरं काय बोलणार होते? शेवटची काही वर्षं तू आठवड्यातून दोन दिवस लंडनला जाऊन काय करत होतीस, हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं तू कसला तरी क्लास करतेस. तूही त्यांना तसंच वाटू दिलंस. तू गुप्ततेच्या कागदावर सही केली होतीस, आणि सही केली म्हणजे केली. ते काम ज्या देशाबद्दल होतं त्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही. गावाचं तर मला कधी कळलंच नाही. पण आपण दोघी ज्यावरून भांडलो ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं, असं त्या हॉलमधून परत येताना सारखं वाटत राहिलं. थकवा आलाय मावशी. लोक भेटायला येतात, चहा होतो, तेच तेच बोलणं होतं. तुझ्याशी बोलावं तर ते अर्धवट राहिलेलंच सगळं.

तू माझ्या आईची चुलत बहीण. तुझे वडील टांगा बंदरात रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते आणि तू तिथेच जन्मलीस. पूर्व आफ्रिकेत टांगा नावाचं शहर आहे यावर आम्ही मुलं पुण्यात पोट धरून हसायचो. आमची मावशी टांग्यात जन्मली, असं मी वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं होतं. तिथल्या गल्लीत तू स्वाहिली शिकलीस, मराठीच्या आधी की नंतर ते तुलाही सांगता यायचं नाही. लग्न करून डॉक्टर काकांबरोबर लीड्सला आलीस, आणि पुढची तीसेक वर्षं ती भाषा तुझ्या कशाच्याच उपयोगाची नव्हती. काका गेल्यावर घरात तू एकटी. कधीतरी भांडी घासताना तोंडातून त्या भाषेतलं गाणं निघायचं, एवढंच.

इराकवरून इथे मोर्चे निघत होते त्या हिवाळ्यात मी मँचेस्टरला आले, सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून. पहिल्याच शनिवारी तू मला लीड्स स्टेशनवर घ्यायला आलीस. मी वाकून नमस्कार करायला गेले तर तू माझ्या कॉलरमध्ये बोट घालून आत बघितलंस. "थर्मल घातलं नाहीस," म्हणालीस, आणि घरी न जाता आपण आधी दुकानात गेलो. त्यानंतरचे बहुतेक शनिवार मी तुझ्याकडे काढले. एकादशीला तू हेअरहिल्सच्या दुकानातून मुहोगो आणायचीस, सोलून तळायचीस, वर तिखट-मीठ आणि लिंबू. मी म्हटलं, मावशी, हे उपासाला चालतं? तू म्हणालीस, साबुदाणा ह्याच कंदाचा करतात, त्याला कसा चालतो? तुझ्याशी वाद घालून मी कधी जिंकल्याचं मला आठवत नाही. एकदा सोडून. आणि तेव्हा जिंकले असं तरी कशाला म्हणू.

दुभाषाचं काम तुझ्याकडे आपोआप चालत आलं. त्या वर्षांत लीड्समध्ये आफ्रिकेतून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला येऊ लागली होती. जीपीच्या दवाखान्यात एक गरोदर बाई रडत होती आणि तिचं कुणालाच काही कळत नव्हतं. तू रक्तदाब मोजून घ्यायला गेली होतीस. तू तिच्या शेजारी बसलीस आणि तीस वर्षं न वापरलेली भाषा काढलीस. तू मला नंतर सांगितलंस की ती बाई आधी रडायची थांबली आणि मग हसायला लागली, कारण तू तिच्याशी सात-आठ वर्षांच्या मुलीसारखी बोलत होतीस. तुला तेवढीच स्वाहिली येत होती, खेळातली आणि भांडणातली. मग तू शिकलीस. साठी उलटलेली बाई, डिक्शनऱ्या मागवल्यास, वह्या भरल्यास. हॉस्पिटल झालं, शाळा झाल्या, कौन्सिल झालं. आणि एक दिवस लंडनमधल्या एका संस्थेने तुला बोलावलं.

तिथे काय चालतं ते तू मला अगदी थोडक्यात सांगितलंस. त्या देशात युद्ध झालं होतं, गावंच्या गावं जाळली होती. ज्यांनी ते करवलं त्यांच्यापैकी काहींवर युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय कोर्टात खटले उभे राहत होते. तपास करणारे लोक छावण्यांमध्ये जाऊन साक्षीदारांशी बोलायचे, ते रेकॉर्ड करायचे, आणि ते रेकॉर्डिंग ऐकून कुणीतरी शब्दन् शब्द इंग्रजीत उतरवायचा असायचा. खिडकी नसलेली खोली, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, कानाला हेडफोन आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे, सोडलं की थांबतो. "शिवणाच्या मशीनसारखं," तू म्हणालीस. "फक्त ह्यात उसवलेलंच येतं सगळं." घरी येईपर्यंत तुझा उजवा पाय सुजलेला असायचा.

साक्षीदार 'मी' म्हणाला की तुला 'मी' लिहावं लागायचं. मी लपले, मी पाहिलं, माझ्या मुलाला. एकदा जेवताना तू म्हणालीस, "दिवसभर मी, मी, मी लिहिते, मंजू. आणि त्यातला एकही मी माझा नसतो." तेवढंच. पुढे तू वाढायला लागलीस. तुझी आणि माझी आवडती गोष्ट म्हणजे गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, पण त्या सुमाराला तू ते करणं बंद केलंस. धूर झाला की तू खिडकी उघडून बाहेर तोंड काढून उभी राहायचीस. का ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटायचा. ऑफिसात मी बटणं दाबून दाबून एका अपॉइंटमेंट सिस्टिममधल्या चुका शोधायचे आणि मनात म्हणायचे, आपली मावशी तिकडे खुनी माणसांना शिक्षा करतेय. तुला एकदा तसं म्हटलं तर तू मला झापलंस. शिक्षा करणारे वेगळे, म्हणालीस, मी फक्त ऐकते.

तो शनिवार मला तपशीलवार आठवतो. मी आले तेव्हा तू ओट्याशी मटार सोलत बसली होतीस, आणि टीव्ही बंद होता. दुपारी टीव्ही बंद म्हणजे काहीतरी झालं होतं.

"मंजू, माझी एक चूक झाली आहे," तू म्हणालीस.

गावाचं, बाईचं, माणसाचं नाव न घेता तू मला सगळं समजावून सांगितलंस. एका बाईची जबानी तू वर्षभरापूर्वी उतरवली होतीस. तिच्या गावाला आग लावली तेव्हा ती शेतात पडून होती आणि बोलणं तिच्या कानावर आलं होतं. ती रेकॉर्डिंगमध्ये म्हणते, 'वाकुब्वा वालिसेमा', गाव जाळा. वाकुब्वा म्हणजे मोठे लोक, वरचे लोक. वालिसेमा, म्हणाले. सरळ अनेकवचन. एकच वरिष्ठ असता तर ती 'म्कुब्वा आलिसेमा' म्हणाली असती. आणि तू इंग्रजीत लिहिलंस, कमांडर म्हणाला. एक माणूस. जो माणूस त्या दिवशी जीपजवळ उभा होता असं तिनेच आधी सांगितलं होतं, आणि जो आता कोर्टात आरोपी होता.

मी विचारलं, असं कसं झालं? तू मटाराची शेंग हातात तशीच धरून बसलीस. "आपण कसं म्हणतो? साहेब आले. साहेब म्हणाले. एकच साहेब असतो ना? मला वाटलं ती घाबरून मानाने बोलतेय. माझ्या कानाला ते मराठी वाटलं. आणि मी लिहून मोकळी झाले."

त्यानंतर त्याच भागातल्या एका म्हाताऱ्याची जबानी तुझ्याकडे आली. तो आपल्या वडिलांबद्दल, गावच्या मुखियाबद्दल, पाद्र्याबद्दल बोलत होता, सगळ्यांबद्दल एकवचनात. तुझ्या मनात पाल चुकचुकली. तू परवानगी काढून त्या बाईचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलंस. तीसुद्धा आपल्या सासऱ्याबद्दल एकवचनातच बोलत होती. म्हणजे तिकडे मानासाठी अनेकवचन वापरायची पद्धतच नव्हती. ती पद्धत तू तिच्या तोंडात घातली होतीस.

मी टेस्टर आहे, मावशी. मी आधी विचारलं ते हेच, की हे कुणाच्या लक्षात आलंय?

"माझ्या."

"तुझ्याशिवाय?"

"कुणाच्याच नाही."

"मग सोड ना. त्या बाईला परत विचारतील ते लागलं तर."

तू म्हणालीस, ती बाई आता नाही. छावणीतच तापाने गेली, सहा महिन्यांपूर्वी. म्हणून तर तिची लेखी जबानीच कोर्टात वाचून दाखवणार होते, तू लिहिलेली. तू हेलनला पत्र लिहायचं ठरवलं होतंस. हेलन म्हणजे त्या ऑफिसातल्या भाषांतरांची प्रमुख. चूक कळवायची, काय ऐकू येतं ते नेमकं लिहायचं, पुढचं ते बघतील.

मी खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसले. तुला समजावून सांगावं तसं बोलायला लागले, आणि माझा तोच सूर तुला कधीच आवडला नाही. तो माणूस तिथे होता की नव्हता? होता. ती माणसं त्याचीच होती की नव्हती? त्याचीच. मग मोठे लोक म्हणाले काय आणि मोठा माणूस म्हणाला काय, फरक काय पडतो? तू म्हणालीस, कोर्टात त्याचाच फरक पडतो, हुकूम कुणी दिला एवढंच तर त्यांना ठरवायचं आहे. मी म्हटलं, म्हणजे तो सुटेल. तू म्हणालीस, बाकीचे आरोप आहेत त्याच्यावर.

"त्या गावापुरता सुटेल."

तू हातातली शेंग सोललीस. मग म्हणालीस, "हो. त्या गावापुरता सुटेल."

"आणि हे तुला चालतं?"

"तू दिवसभर ऑफिसात काय करतेस, मंजू? दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना दाखवतेस. आणि मला माझी झाकायला सांगतेस."

हे लागलं मला. खरं होतं म्हणूनच लागलं. मग मी जे बोलले ते मी ह्या तीन आठवड्यांत इतक्या वेळा आठवलंय की आता ते शब्द झिजून गेलेत, तरी लिहिते. मी म्हटलं, ती बाई मेली, तिच्या वतीने बोलणारी तू एकटी उरलीस. त्या लोकांनी तिचं गाव जाळलं, आता तिची साक्ष तू जाळ.

तू उठलीस. मटार पातेल्यात ओतलेस. माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "पत्र लिहिलं की त्याचं इंग्रजी जरा बघून देशील? मला कायद्याचं नीट जमत नाही."

मी नाही म्हटलं. कोट घेतला आणि निघाले. मोटरवेवर टेकड्यांमध्ये धुकं होतं आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. दोन तास लागले मँचेस्टर गाठायला. त्या दोन तासांत मला एकदाही वाटलं नाही की आपलं काही चुकलं.

पुढचं वर्षभर आपण फोनवर बोललो. दिवाळीला, संक्रांतीला, तुझ्या वाढदिवसाला. तब्येत, थंडी, आईचा गुडघा. तू पत्राबद्दल बोलली नाहीस. मी शनिवारी कामाचं निमित्त सांगायचे आणि घरी बसून कपडे धुवायचे. मध्यंतरी माझ्याकडून ऑफिसात एक चूक सुटली, प्रोग्रॅम हॉस्पिटलांकडे गेल्यावर माझ्या ध्यानात आली, आणि मी मॅनेजरला जाऊन सांगितलं. तुझ्यामुळे सांगितलं असं इथे लिहिता आलं असतं. खरं म्हणजे दोन दिवसांत कुणाच्या तरी नजरेला पडणारच होती.

मग तुझ्या शेजारणीचा फोन आला की तुला हार्ट फेल्युअर म्हणून दाखल केलंय, काकांच्याच जुन्या हॉस्पिटलमध्ये. मी रजा टाकून आले. तू ऑक्सिजनची नळी लावून बसली होतीस, आणि मला बघून आधी म्हणालीस, किती वाळलीस. पाय इतके सुजले होते की मला आधी ते पेडल आठवलं. नर्सनी समजावलं की हृदयामुळे सूज येते. मला माहीत होतं. तरी पेडलच आठवत राहिलं.

बारा दिवस मी तुझ्याजवळ होते. आपण पुष्कळ बोललो आणि काही बोललो नाही. दुपारी टीव्हीवर शब्दांचा खेळ लागायचा, तू अक्षरं बघून माझ्याआधी शब्द सांगायचीस, धाप लागली तरी. हॉस्पिटलच्या कस्टर्डला तू नावं ठेवायचीस आणि संपवायचीस. मी तुझी वेणी घालायचे. एका दुपारी तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मंजू, ते त्या वेळचं..." तेवढ्यात सिस्टर ब्लड प्रेशर घ्यायला आली. पट्टा दंडाला आवळला, मशीन गुरगुरलं, आकडे लिहिले गेले, ती तुझ्याशी हवापाण्याचं बोलली. ती गेल्यावर मी विचारायला हवं होतं, मावशी, काय म्हणत होतीस. मी विचारलं नाही. मला भीती वाटली की तू मला माफ करशील आणि मला ते ऐकावं लागेल. तू डोळे मिटून पडलीस. दोन दिवसांनी, सकाळी, तू गेलीस. मी खाली कॅन्टीनमध्ये टोस्टच्या रांगेत उभी होते.

क्रिमेटोरियममध्ये मागच्या बाकावर एक गोरी बाई बसली होती, पन्नाशीची, हातात ओली छत्री. मंडळातल्या कुणी ओळखलं नाही. सगळं झाल्यावर ती कार पार्कमध्ये माझ्याजवळ आली आणि म्हणाली, मी हेलन. लंडनहून सकाळच्या ट्रेनने आली होती. जेवढं सांगता येत होतं तेवढंच ती बोलली, आणि तेही तोलून मापून.

तुझं पत्र मिळाल्यावर त्यांनी तुला बोलावून घेतलं होतं. दोन वकील होते. पूर्ण सकाळ त्यांनी तुला तेच तेच विचारलं. शेवटी त्यांच्यातला एक जण वैतागून म्हणाला, कागद बाजूला ठेवा, तुम्ही ती बाई ऐकली आहे, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, एक माणूस की अनेक? तू म्हणालीस, मला काय वाटतं ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. हेलन म्हणाली, त्या क्षणी त्या खोलीत प्रत्येकाला तुझा राग आला होता. तिला स्वतःलासुद्धा. मग नियमाप्रमाणे ते पत्र आरोपीच्या वकिलांना द्यावं लागलं आणि काही आठवड्यांनी त्या गावाचा आरोप मागे घेतला गेला. बाकीचा खटला चालू आहे. निकाल कधी लागेल तिला ठाऊक नाही. तुला त्यानंतर तिथून काम मिळालं नाही. हेलनने ते सांगताना माझ्याकडे बघितलं नाही, शेजारच्या गाडीच्या चाकांकडे बघत राहिली.

म्हणजे सहा-सात महिने तू लंडनला जात नव्हतीस, आणि मला फोनवर सांगत होतीस की गाड्यांना हल्ली फार उशीर होतो.

मी हेलनला विचारलं, तुमचा राग गेला का आता? तिने ओली छत्री दुसऱ्या हातात घेतली. म्हणाली, मी तिच्या पत्रानंतर आमच्याकडची सगळी भाषांतरं पुन्हा रेकॉर्डिंगशी ताडून बघायला लावली. अजून ते काम संपलेलं नाही. एवढं बोलून तिने माझा हात दाबला आणि टॅक्सीत बसली.

काल मी तुझं घर आवरत होते. कपाटं, डबे, काकांचे सूट जे तू अजून ठेवले होतेस. फोनशेजारच्या खणात तुझी जुनी डायरी मिळाली आणि तिच्यात घडी केलेले चार कागद. पत्राचा कच्चा मसुदा, मराठीत. मी इंग्रजी बघून द्यायला नाही म्हटलं म्हणून तू आधी आपल्या भाषेत लिहून काढलं होतंस, एकेका वाक्याखाली पेन्सिलने इंग्रजी शब्द जुळवत. तुझं ते शाळेतलं गोल अक्षर. मी तुझ्या पलंगावर बसून वाचलं. जे तू मला ओट्याशी सांगितलं होतंस तेच, त्याच क्रमाने, कुठे आवाज चढवलेला नाही. साक्षीदार अमुक म्हणते. मी तमुक लिहिले. हे लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. चूक सर्वस्वी माझी आहे, तपास करणाऱ्यांची नाही.

शेवटच्या पानावर, सहीच्या वर, तीन ओळी तू खोडल्या आहेत. एकच आडवी रेघ, पट्टीने मारल्यासारखी सरळ. खालचं सगळं वाचता येतं.

"ती 'वाकुब्वा' म्हणताना तिचा आवाज एकदम खाली जातो. पुष्कळ माणसांबद्दल बोलताना कुणाचा आवाज असा खाली जात नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर तो एकच माणूस होता, आणि तो तोच होता."

त्या ओळींखाली पेन्सिल नाही. त्यांचं इंग्रजी तू केलंच नाहीस.

 शेजारीण चहा घेऊन आली आणि परत घेऊन गेली.

तुला माहीत होतं, मावशी. मी तुझ्यावर ओरडत होते की तो माणूस दोषी आहे, आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तू तिचा आवाज ऐकला होतास, कितीतरी वेळा, पुढे मागे करून. वकिलांनी तोंडावर विचारलं तेव्हा तुझ्याजवळ उत्तर तयार होतं. एक वाक्य बोलली असतीस तर ते लोक निदान तुझ्यावर चिडले नसते. मी निदान शनिवारी आले असते. तू ते कुणालाच सांगितलं नाहीस, मलाही नाही, कारण ते शब्द त्या बाईने उच्चारले नव्हते. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून तू हेच सांगणार होतीस की आणखी काही, हे आता मला कळायचं नाही. कदाचित तू कस्टर्डबद्दलही बोलणार असशील.

मी तुझी माफी मागते आहे. साक्ष जाळ म्हणाले, त्याची. त्या शब्दांची, आणि त्यानंतरच्या सगळ्या शनिवारांची. वाद मात्र मी मागे घेत नाही, आणि खोटं बोलून तुझी समजूत घातलेली तुला चालणारही नाही. मला आजही वाटतं की त्या गावाला न्याय मिळायला हवा होता. तुझ्या जागी मी असते तर ते पत्र लिहिलं नसतं. गप्प बसले असते आणि रात्री झोपलेही असते बहुतेक.

पण उद्या माझ्यावर तसं काही गुदरलं, माझं घर जळलं आणि दूरच्या कुठल्या तरी खोलीत, माझी भाषा न कळणाऱ्या माणसांसमोर मला बोलायची वेळ आली, तर त्यांच्या आणि माझ्या मधल्या खुर्चीवर मला तूच हवी आहेस, मावशी.

तुझी,
मंजू